ज्युनिअरांचा मे

हैदराबादेत मलकपेठच्या रस्त्यावर मुंजलांच्या गाड्या लागल्या की मी ओळखते, कोर्टाला सुट्टी लागणार. कॅलेंडर बघायची गरज नाही. गाडीवाला कोयत्यानं ताडफळ फोडतो, आतले थरथरणारे गोळे पळसाच्या पानावर ठेवतो, आणि माझ्या अंगात वकिलीच्या पहिल्या वर्षाची पोर संचारते. पन्नाशी ओलांडलेली बाई भर रस्त्यात मुंजल सोलून खाते, मनगटावरून पाणी ओघळतं, आणि समोरून नेमका एखादा अशील येतो. येऊ दे. मे महिन्यात मी कुणाला घाबरत नाही.

उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे कोर्ट अगदीच बंद असतं असं नाही. एखादं दालन उघडं असतं. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी तिथं सुट्टीचे न्यायाधीश बसतात आणि जूनपर्यंत थांबू शकत नाहीत असे अर्ज तेवढे ऐकतात. एरवी जत्रेसारखे गजबजलेले ते व्हरांडे ओस पडतात. चहावाला बाकावर आडवा होतो. उन्हाळ्यापुरता काळा कोट माफ असतो, त्यामुळे गळ्याशी पांढऱ्या पट्ट्या लावलेले वकील शाळेच्या गॅदरिंगमधून पळून आलेल्या पोरांसारखे दिसतात. मला ते कोर्ट फार आवडतं. त्या रिकाम्या दालनात माणसाचा आवाज त्याला स्वतःला ऐकू येतो, आणि बहुतेक वकिलांना तो तिथंच पहिल्यांदा ऐकू येतो.

मला आला तो असाच एका मेमध्ये. आमच्या फर्मचे संस्थापक, ज्यांना आम्ही थोरले साहेब म्हणायचो, ते आंध्राकडचे, उंचेपुरे आणि भयंकर कडक. अकरा महिने ते आम्हाला कोर्टात तोंड उघडू द्यायचे नाहीत. आम्ही फायली उचलायच्या, जुने निवाडे शोधायचे आणि पुढच्या तारखा मागायच्या. पण मे लागला की हा गृहस्थ बायकोमुलांना घेऊन कुन्नूरला निघायचा. निघताना आम्हा सगळ्यांना ओळीत उभं करून तेलुगू हेल काढलेल्या इंग्रजीत बजावायचा की महिनाभर मी मेलो आहे असं समजा, मेलेल्या माणसाला कोणी ट्रंककॉल करत नाही. मग टॅक्सी निघायची, आणि टॅक्सी कोपऱ्यावर वळायच्या आत आमच्यातलं कोणीतरी त्यांच्या खुर्चीत बसलेलं असायचं.

ती खुर्ची आम्ही पाळीपाळीनं वापरायचो. बसणाऱ्यानं साहेबांच्या आवाजात बाकीच्यांना झापायचं असा नियम होता. माझा आवाज सगळ्यात हुबेहूब निघायचा, म्हणून मला जास्त वेळा बसवायचे. कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास, टेबलावर बंगनपल्ली आंब्यांच्या साली, आणि साहेबांच्या खुर्चीतून मी एका धष्टपुष्ट सहकाऱ्याला रडवेला करते आहे. असा दरबार भरायचा. पण दुसऱ्या दिवशी त्याच दरबारातल्या कोणाला तरी खरोखर उभं राहायला लागायचं. अशील खरा, न्यायाधीश खरे, आणि मागं वळून बघितलं तर कोणीही नाही.

माझी पहिली उभी राहण्याची वेळ आली ती रेसकोर्समागच्या एका सामाईक भिंतीसाठी. शेजारी ती पाडायला निघाला होता. मी न्यायाधीशांकडं बघायचं सोडून छताच्या पंख्याकडं बघत सगळा युक्तिवाद केला. पंख्यानं मान हलवली नाही. अर्ज फेटाळला गेला. अशील बाईनं बाहेर येऊन मलाच पाणी पाजलं. हौ, असं पण होतं, असं म्हणाली ती दखनीत, आणि पदरानं माझं कपाळ पुसलं.

जूनमध्ये साहेब परत आले. आल्या आल्या ते फक्त एकच विचारायचे, कोण हरलं? जिंकलेल्यांकडं ते ढुंकून बघायचे नाहीत. हरलेल्याला मात्र इराण्याकडं घेऊन जायचे, चहा आणि उस्मानिया बिस्किटं मागवायचे आणि म्हणायचे, सांग आता सगळं. तू काय बोललीस, जज काय म्हणाले, तेव्हा तुझ्या पोटात काय झालं, सगळं सांग. मी सांगत गेले. ते बिस्किट बुडवत ऐकत गेले. एकदाही त्यांनी 'असं म्हणायला हवं होतं' असं म्हटलं नाही. उठताना एवढंच म्हणाले की पुढच्या वेळी पंख्याऐवजी माणसाकडं बघ, पंखा कधी निकाल देत नाही. माझी अख्खी वकिली त्या चहावर उभी आहे असं मी लग्नसमारंभांत सांगते, आणि लोकांना वाटतं बाई रंगवून सांगते. रंगवते मी, पण हे नाही.

थोरले साहेब गेले. आता फर्म त्यांचा मुलगा चालवतो. आम्ही त्याला रावसर म्हणतो. हा माणूस वाईट असता तर ही गोष्ट सांगायला किती सोपी झाली असती. पण तो चांगला आहे. मेहनती आहे, ज्युनिअरांचे वाढदिवस लक्षात ठेवतो, आणि वडिलांच्या नावाला धक्का लागेल या भीतीनं रात्रंदिवस पोखरला जातो. त्याच्या कारकिर्दीत काचेचं ऑफिस आलं, शंभर वकील आले आणि मग ते एआयचं यंत्रही आलं. नोटीस, करार, अर्ज, तुम्ही सांगा, ते मसुदा लिहून मोकळं. पूर्वी एक भाडेकरार शिकायला माझा पावसाळा गेला होता. आता तोच करार चहा गार व्हायच्या आत समोर येतो. मला त्या यंत्राचा राग नाही, उलट ते माझ्या हस्ताक्षरापेक्षा बरं लिहितं. पण फायली चाळता चाळता, मसुदे खोडता खोडता जो वकील नकळत तयार व्हायचा, तो आता कुठं तयार होणार? मी म्हणायचे, एकच जागा उरलीय. पायांवर उभं राहण्याची.

आणि तीही गेली होती. कोविडनंतर कोर्टांत पडदे लागले आणि लांबून हजर राहायची सोय झाली. सोय फारच उत्तम. पण मे महिन्यात डोंगरावर गेलेले आमचे भागीदार थंड हवेत स्वेटर घालून पडद्यावर हजर होऊ लागले. ज्युनिअरनं दालनात फाइल घेऊन उभं राहायचं, कॅमेऱ्याचा कोन नीट करायचा आणि सर दिसतायत का तेवढं बघायचं. मेलेली माणसं महिनाभर दर तारखेला सकाळी साडेदहाला उठून बसायला लागली. एकामागून एक आमचे दोन बरे ज्युनिअर फर्म सोडून गेले, आणि रावसर मला विचारत राहिले की मॅडम, ही पिढी टिकत का नाही?

उपाय म्हणून त्यांनी नेतृत्व विकासाची कार्यशाळा ठेवली. पंचतारांकित हॉटेल, गुळगुळीत सल्लागार, आणि आम्ही सगळे भागीदार शाळकरी पोरांसारखे पिवळ्या चिठ्ठ्यांवर आपापले संकल्प लिहितोय. एक खेळ होता. डोळे मिटून मागं पडायचं आणि सहकाऱ्यांनी झेलायचं, म्हणजे विश्वास वाढतो. रावसर मागं पडले ते हातात फोन धरून, आणि पडता पडता त्यांनी कोणालातरी मेसेज पाठवला. आम्ही त्यांना झेललं, फोनही झेलला. संध्याकाळी भिंतीवर त्यांच्या सुबक अक्षरातली चिठ्ठी होती, ज्युनिअरांना मोकळीक द्या. सल्लागारानं टाळ्या वाजवायला लावल्या. मी सगळ्यांत जोरात वाजवल्या.

हे सगळं गेल्या वर्षीच्या मेच्या तोंडावर. त्याच मेची गोष्ट मला सांगायची आहे, कारण आता गाड्यांवर पुन्हा मुंजलं आलीत आणि ती पोरगी डोक्यातून जात नाही.

प्रज्ञा तिचं नाव. तिच्या आजोबांनी नांदेड सोडलं आणि इथं नोकरी धरली, वडील सरकारी कचेरीत, घर मलकपेठला. घरात बुद्धवंदना मराठीत, भांडणं दखनीत आणि अभ्यास इंग्रजीत. मराठी पेपर तिच्यापुढं धरला तर ती अक्षरं लावत बसते, पण बोलायला लागली की समोरच्याची बोलती बंद. ऑफिसात फक्त आम्ही दोघीच मराठी, म्हणून मी ताई. इतरांसमोर मॅडम. त्या मेमध्ये तिच्या हातात एका मोठ्या कंपनीची नोकरी होती, काचेच्या मनोऱ्यात, कोर्टाचं तोंड न बघता नुसत्या करारांची. सुट्टी संपायच्या आत हो किंवा नाही कळवायचं होतं. मला तिनं सरळ सांगितलं. ताई, मला कोर्ट आवडतं. पण मी इथं कोर्ट करतच नाही, मी कॅमेरा धरते. कॅमेराच धरायचा असेल तर लग्नाच्या ऑर्डरी घेईन ना, जेवण तरी मिळतं.

मी तिला म्हटलं, एक मॅटर घे. पूर्ण तुझं.

मॅटर होतं अफझलगंजच्या एका अत्तरवाल्या चाचांचं. बोळात चिंचोळं दुकान, काचेच्या बुधल्या, भिंतभर लाकडी कप्पे. भाड्यावरून घरमालकाशी बिनसलं, आणि एका सकाळी मालकानं चाचांच्या कुलपावर आपलं कुलूप चढवलं. आत वर्षानुवर्षांची अत्तरं, बाहेर हैदराबादचा मे. कुलूप निघावं एवढीच मागणी. प्रज्ञानं सगळं स्वतः केलं. यंत्राकडून मसुदा घेतला, मग त्याची निम्मी इंग्रजी भरजरी वस्त्रं उतरवून ठेवली. चाचांच्या घरी जाऊन बसली. मधले काही दिवस ती संध्याकाळी लवकर पळायची आणि मी विचारलं की म्हणायची, काम आहे ताई, गच्चीवर. मी विचारायचं सोडलं. मुलीचं गच्चीवरचं काम विचारू नये, एवढं मला कळतं.

तारखेच्या दिवशी मी दालनात मागच्या बाकावर बसले. पडदा उजळला, आणि तिथं आमची फर्म सुशोभित होऊन बसली होती. उटीहून रावसर, मफलरसह. शेजारच्या चौकटीत विशाखापट्टणमच्या समुद्रासमोर एक भागीदार, तिसरे कुठल्यातरी विमानतळावर. तिघांनाही प्रज्ञाला फक्त धीर द्यायचा होता. सुट्टीचे न्यायाधीश म्हणजे चष्म्यावरून बघणारे, उन्हानं वैतागलेले गृहस्थ. त्यांनी विचारलं, अर्जदारातर्फे कोण? आणि तिन्ही चौकटींतून एकदम तीन भारदस्त आवाज आले. गोंधळ माजला. मी कपाळाला हात लावला.

प्रज्ञा शांतपणे म्हणाली, "अर्जदारातर्फे मी. आमचे सिनिअर सुट्टीवर आहेत, ऐकायला आलेत."

दालनात कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. न्यायाधीशांनी पडद्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "मग त्यांनी ऐकावं," ते म्हणाले. चौकटींमधले माईक एकेक करून बंद झाले. रावसरांचा सगळ्यांत शेवटी.

तिनं सुरुवात चांगली केली. सलग, लहान वाक्यं, नजर समोर. माझी मान आपोआप डोलायला लागली. पण थोड्याच वेळात न्यायाधीशांनी फाइल मिटली. भाड्याचा वाद आहे, दोन्ही बाजू ऐकायला हव्यात, जूनमध्ये कोर्ट उघडल्यावर नेहमीच्या न्यायाधीशांपुढं जा. घाई कसली?

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्या जिभेवर होतं. जुना निवाडा, पान क्रमांकासह. माझे गुडघे उठले. खरंच उठले, मी त्यांना सांगितलं नव्हतं. मी बाकाची कड दोन्ही हातांनी धरली आणि स्वतःला खाली बसवलं. पडद्यावर रावसरांच्या माईकची खूण लुकलुकली आणि विझली. प्रज्ञा गप्प उभी. ती शांतता इतकी लांबली की मी पंख्याची पाती मोजायला लागले. आता हरते, मी मनात म्हटलं. हरू दे. पण आता ही कंपनीत जाते.

तेवढ्यात तिनं पिशवीत हात घातला आणि दोन छोट्या काचेच्या डब्या काढून टेबलावर ठेवल्या. प्रत्येकीत एक अत्तराचा फाया. म्हणाली, दोन्हींत एकच मोगरा आहे, चाचांच्या घरचा, एकाच बुधलीतला. एक त्यांच्या घरच्या कोनाड्यात राहिला. दुसरा मी पत्र्याच्या पेटीत बंद करून आमच्या गच्चीवर ठेवला होता. कोर्टानं वास घेऊन ठरवावं, घाई आहे का.

समोरचे वकील उठलेच. वास हा पुरावा कायद्याच्या कुठल्या कलमात बसतो, आणि ही गच्ची कुणाची, दुकान तर अफझलगंजात आहे.

"बरोबर आहे," प्रज्ञा म्हणाली. "गच्चीला रात्री तरी वारा लागतो. दुकानाला तोही नाही. दुकानात याहून वाईट असणार."

न्यायाधीश कितीतरी वेळ त्या डब्यांकडं बघत राहिले. रागावतात असं मला वाटलं. मग त्यांनी शिपायाला खूण केली. पहिली डबी उघडली आणि त्या उन्हानं पिचलेल्या, धुळीनं भरलेल्या दालनात मोगरा पसरला. एका क्षणात ते कोर्ट राहिलं नाही. कुणाच्या तरी लग्नाची संध्याकाळ झाली. टंकलेखकाचे हात थांबले. मग दुसरी डबी उघडली, आणि शिपायानंच आधी तोंड फिरवलं. आंबलेल्या तेलासारखा काहीतरी कुबट वास. न्यायाधीशांनी ती समोरच्या वकिलांकडं पाठवली. त्यांनी प्रामाणिक माणसासारखी ती हुंगली आणि रुमाल काढला.

पडद्यावर मात्र तीन मोठे वकील डोळे बारीक करून बसले होते. त्यांना एवढंच दिसत होतं की कोर्टातली माणसं आळीपाळीनं कापूस नाकाला लावतायत. शेवटी रावसरांना राहवलं नाही. माईक उघडून त्यांनी अदबीनं विचारलं की हे काय चाललंय, आम्हाला इकडं काही कळत नाहीये.

"रावसाहेब," न्यायाधीश म्हणाले, "ते कळायला इथं यावं लागतं."

हुकूम तिथंच झाला. भाड्याचा वाद जूनमध्ये ऐकला जाईल, पण कुलूप आजच्या आज निघेल.

संध्याकाळी आम्ही दोघी अफझलगंजला गेलो. शटर वर गेलं आणि आतली कोंडलेली गरम हवा अंगावर आली, चांगल्या आणि नासलेल्या शंभर वासांची मिळून. चाचांनी एकेक बूच काढून बघितलं. मोगऱ्याच्या बऱ्याच बुधल्या गेल्या होत्या. केवडाही गेला. एका बुधलीशी ते थांबले, पुन्हा हुंगलं, आणि लहान मुलासारखे हसले. "खस बच गया, बेटी." त्यांनी एक थेंब प्रज्ञाच्या मनगटावर लावला, एक माझ्या. वाळ्याचा तो हिरवा, ओला वास. अख्खा मूसी नदीचा काठ कधीकाळी असाच असेल असं मला उगीचच वाटलं.

रावसरांचा फोन आला तेव्हा आम्ही बोळातच होतो. त्यांना रागावायचं होतं, पण कशावर ते त्यांना सापडत नव्हतं. कोर्टात असली नाटकं, सांगायचं तरी, अंगलट आलं असतं तर, असं बरंच. मग आवाज खाली आला. हे तिला कोणी शिकवलं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कोणी नाही, सर. ते म्हणाले, तुम्ही तर तिथं होता. मी मोठ्या रुबाबात म्हटलं, मी फक्त बसले होते. मग ते म्हणाले की नानासुद्धा असंच करायचे, नाही का? वडिलांना ते नाना म्हणायचे. मी हो म्हटलं. पुढचं काही त्यांनी विचारलं नाही, पण त्या मेमध्ये पडद्यावर पुन्हा मफलर दिसला नाही.

त्या आठवड्यात माझ्यासारखी बढाईखोर बाई अख्ख्या शहरात नसेल. गुडघे उठले आणि मी त्यांना कसं बसवलं हे मी नल्लकुंट्याच्या भाजीवालीलासुद्धा ऐकवलं. तिनं कोथिंबीर फुकट दिली नाही, पण ऐकून घेतलं.

आणि सुट्टी संपता संपता प्रज्ञा माझ्या केबिनमध्ये आली. उत्तर कळवायचा दिवस होता. मी भाषण तयार ठेवलं होतं. कोर्ट म्हणजे काय, परंपरा म्हणजे काय, सुरेल चढउतारांसह. तिनं दार लावलं, खुर्ची ओढली आणि मला सुरूच करू दिलं नाही.

"ताई, मी राहते. त्यांना नाही कळवलंय. पण माझी एक अट आहे."

मोठ्या उदारपणे मी म्हटलं, बोल. पगार, केबिन, यंत्रावरचं काम कमी, काहीही माग, मी रावसरांशी बोलते.

"पुढच्या मेमध्ये तुम्ही कोर्टात यायचं नाही."

मी हसले. मला वाटलं थट्टा करतेय. ती हसली नाही.

"रागवू नक्को ताई. ते पडद्यावरचे तर मला दिसत होते, त्यांचं टेन्शन नव्हतं. तुम्ही पाठीमागं होता. जज घाई कसली म्हणाले ना, तेव्हा मी डब्या काढायच्या सोडून तुमच्या बाकाचा आवाज ऐकत होते. कुरकुरला तो. मला वाटलं, आता उठतात. उठल्या तर संपलं. म्हणून गप्प राहिले मी इतका वेळ."

म्हणजे ती शांतता. जिच्यात मी पाती मोजत होते आणि स्वतःच्या संयमाची आरती ओवाळत होते. ती माझ्यामुळं होती.

आयुष्यात पहिल्यांदाच मला तयार भाषणातलं एक वाक्यही उपयोगी पडलं नाही. मी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. मग म्हटलं, मंजूर. ती उठली, दारापाशी वळली आणि म्हणाली की लिंकही नाही पाठवणार तुम्हाला, आधीच सांगते.

तर यंदा मी बिदरला आहे, मावसबहिणीकडं. गाडीवर मुंजल खाऊन झालं आणि थेट बसस्टँड गाठलं. रावसरांना निघताना कळवलं, तर ते म्हणाले की मी तर मागच्याच आठवड्यात उटीला आलोय, आणि इथं फार कंटाळा येतो हो मॅडम. आम्ही दोघं बेघर झालेल्या संस्थानिकांसारखे फोनवर बराच वेळ बोललो. कोर्टाचं नाव काढलं नाही. आंब्यांविषयी बोललो.

आज सकाळी बहिणीच्या गच्चीवर पापड वाळत घातलेत आणि मी राखण करतेय. साडेदहा वाजून गेले. तिकडं दालनात आमच्याकडून आज कोण उभं आहे मला ठाऊक नाही. प्रज्ञानं नव्या पोरांपैकी कोणाला तरी उभं केलंय एवढंच कळलंय. ते पोर न्यायाधीशांकडं बघतंय की भलतीकडं, अर्ज कशाचा आहे, जिंकतंय की हरतंय, काही म्हणजे काही ठाऊक नाही. प्रज्ञा स्वतः कुठं आहे विचारलं होतं काल. नागार्जुनसागरला, म्हणाली, मैत्रिणींबरोबर. आणि फोन ठेवला.

ऊन चढलंय. खालून बहीण हाक मारतेय की जेवायला येतेस का, काय करतेयस तिथं एवढा वेळ फोन हातात धरून. वाट बघतेय, मी म्हटलं, न येणाऱ्या फोनची. ती म्हणाली, तुझं डोकं फिरलंय. असेल. फोन अजून वाजलेला नाही, आणि इतकं सुरेख न वाजणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही.